लिंपून ठेवलेला कोदो

माझी मुलगी माधुरी पुण्याहून दर दिवाळीला काही ना काही पाठवते. यंदा खोक्यातून एक पाकीट निघाले. त्यावर डोंगरामागून उगवणारा सूर्य, पागोटे घातलेला एक हसरा म्हातारा आणि ठळक अक्षरांत ‘पूर्वजांचा आहार’ असे छापलेले. आत कोदो, म्हणजे कोद्रा नावाचे भरडधान्य. चष्मा लावून मी ते पाकीट चारही बाजूंनी वाचले. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून माझा उभा जन्म लोकांचे अर्ज लिहिण्यात गेला, आणि कागद कोणताही असो, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज हातावेगळा करू नये ही माझी शिस्त आहे. शिजवण्याची कृती होती, त्या म्हाताऱ्याचे गुणगान होते. पीक कोणत्या हंगामातले, कापणीच्या वेळी त्यावर पाणी पडले होते काय, काढल्यानंतर ते किती काळ राखून ठेवले, याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. मी त्याच दिवशी कंपनीला पत्र लिहिले. आपण ज्यांना पूर्वज म्हणता ते नेमके कोणाचे, याचा प्रथम खुलासा व्हावा, अशी त्यात मागणी केली. उत्तर आलेले नाही. येईल अशी अपेक्षाही नाही. परंतु विचारायचे ते लेखी विचारलेले असावे.

मग कात्रीने कोपरा कापला आणि पाकिटाला नाक लावले. वास नव्हता. जुन्या कोदोला वास असतो. शेणाने सारवून कित्येक महिने बंद ठेवलेल्या खोलीचा, उन्हात तापलेल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचा, आणि त्याखाली कुठेतरी अगदी पुसट असा मातीत मुरलेल्या पाण्याचा. हा दाणा स्वच्छ धुतलेला, एकसारखा, अबोल होता. पाकीट मी ओट्यावर ठेवले.

१९९९ च्या हिवाळ्यात आम्ही नुकतेच गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला राहायला आलो होतो. माधुरीचे कॉलेज गोंदियात होते, म्हणून गाव सोडले. तेव्हा कुडवा अर्धा शेतांचा आणि अर्धा घरांचा होता. एका प्लॉटवर सिमेंटचे खांब उभे राहत असताना शेजारच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान उभे असे. पहाटे गोंदियाच्या राइस मिलांमधून, उसना तांदूळ करण्यासाठी वाफवलेल्या धानाचा वास शेतांवरून चालत येई. ओलसर, गोडसर, थेट पोटात उतरणारा. दुपारी कोंड्याची काळी राख अंगणातल्या वाळत्या कपड्यांवर बसे. त्या राखेविरुद्ध मी जेवढ्या कार्यालयांचे पत्ते मिळाले तेवढ्यांना लिहिले. त्या वासाविरुद्ध दाद कोणाकडे मागावी, हे मात्र मला समजले नाही. कारण त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी साखरेच्या आजारापायी माझ्या पत्नीचा, देवकाचा, भात बंद केला होता.

ज्याने हा प्रदेश पाहिलेला नाही त्याला या वाक्याचे वजन कळणार नाही. आमच्याकडे ‘जेवला का’ या प्रश्नात भात गृहीत धरलेला असतो. चार पोळ्या खाल्ल्या तरी माणूस जेवलेला नसतो. त्याने काहीतरी खाल्लेले असते, इतकेच. देवका धानाच्या घरात जन्मलेली, धानाच्या घरात दिलेली. पातेल्यावरचे झाकण न काढता, आत लुचई तांदूळ शिजतो आहे की हिरानक्की, हे ती वासावरून सांगत असे. अशा बाईच्या हाती त्यांनी एक छापील कागद दिला: सकाळी टोस्ट, दुपारी फुलके, रात्री फुलके. डॉक्टर तरुण होते, स्वभावाने चांगले होते. हा कागद कोणत्या प्रदेशातील माणसांसाठी छापला आहे, असे मी विचारले, तेव्हा ते हसले. आम्ही पोवार, आमचे मूळ माळव्याकडचे, हे त्यांना ठाऊक होते. “काकाजी, आप लोग तो मालवा से आए हो,” ते म्हणाले. “गेहूँ तो आपका असली खाना है.”

या युक्तिवादाला मी त्या रात्री लेखी उत्तर दिले. ज्या पूर्वजांची नावे आमच्यापैकी कोणासही सांगता येत नाहीत, त्यांच्या ताटातील जिन्नस आज माझ्या पत्नीवर बंधनकारक कसा ठरतो, असा त्यातला मुख्य मुद्दा होता. पत्र पाठवण्यापूर्वी ते देवकाला वाचून दाखवण्याचा आमचा रिवाज होता. ती चुलीपाशी बसून होती. गॅस आलेला असूनही मागच्या अंगणात तिने चूल मांडली होती, आणि माधुरीपुरता मूठभर भात त्या चुलीवर रटरटत होता. मी वाचत गेलो आणि ती पातेल्याकडे किंचित झुकत गेली. मी वाचणे थांबवून तिच्याकडे पाहिले.

“वास घेऊन राहिली न जी,” ती म्हणाली. “खाऊन तं नाही राहिली.”

तिच्या बोलण्यात पोवारी आणि झाडीबोली एकमेकींत मिसळलेल्या असत. रागावली की पोवारी वर येई, थट्टेत असली की झाडी. त्या दिवशी ती थट्टेत होती, निदान आवाज तसा होता. पत्र पूर्ण ऐकून घेतल्यावर तिने एवढेच सांगितले की माळव्याचे पूर्वज तिने पाहिलेले नाहीत. तिने तिची आजी पाहिली आहे. आजी कोदो खायची. आजीला साखरेचा आजार नव्हता, आणि मरेपर्यंत तिचे पोट रिकामे आहे असे तिच्या चेहऱ्यावरून कधी वाटले नाही.

कोदो हा शब्द आमच्या तोंडी कित्येक वर्षांनी आला. तलावाचे पाणी शेतापर्यंत येण्याआधी, उताराच्या भर्रीवर, जिथे धान तग धरत नाही, तिथे कोदो पेरत. पाणी आले, बांध्या पडल्या, धान आले, आणि कोदो गरिबीची खूण ठरला. माझी आईदेखील, एखाद्या वर्षी घरात कोदो शिजलाच तर, ओसरीचे दार लोटून घेत असे. बाहेरून कोणी हाक मारली तर ताटांवर पराती उपड्या पडत. त्या दारामागच्या अंधाराला लसणाच्या चटणीचा आणि आंबट मठ्ठ्याचा वास होता. दार बंद असल्यामुळे तो वास आणखी दाट होई, आणि आम्ही भावंडे चोरी केल्यासारखी, न बोलता, भरभर जेवत असू. देवकाला ते दार उघडायचे होते. नुसता कोदो नव्हे, आजीचा सगळा दिवसच तिला हवा होता: सकाळी पेज, दुपारी पोटभर, आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आत जे काही थोडे असेल ते.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही तिरोड्याजवळच्या आमच्या गावी वारंवार जाऊ लागलो. शेत मोठ्या भावाकडे होते. त्यातला पडीक उताराचा तुकडा त्याने देवकाला दिला. बी मिळवण्यासाठी मी सडक अर्जुनीपर्यंत गेलो. तिथल्या हमरस्त्यावरच्या मालट्रकांच्या गर्दीतून आत जंगलाकडे वळणाऱ्या वाटेवर माझे एक जुने पक्षकार राहत. त्यांच्या फेरफाराचा अर्ज मी एकदा लिहिला होता. त्यांनी कोदोचे बी दिले आणि दारात उभे राहून हसत विचारले की साहेबांना हा कोणता शौक. देवकाची मोठी जाऊ, माझी वहिनी, तिने तर भर अंगणात सुनावले. “काऊन जी भाऊजी, अर्ज लिहनं बंद झालं का? बाईले कोदोवर आनून ठेवलं.” मी काही उत्तर जुळवण्याच्या आत देवका म्हणाली, “बाई, तुमच्या भाताचा वास मले द्या, माह्या कोदोचा तुमी घ्या.” दोघी इतक्या हसल्या की गोठ्यातल्या गाईंनी माना वर केल्या.

त्या पावसाळ्यातल्या भाज्या मला एकेक करून आठवतात. तरोट्याचा कोवळा पाला, खुडताना बोटांना लागणारा त्याचा उग्र हिरवा वास. बांबूचे कोंब, ज्यांना आम्ही वास्ते म्हणतो, चिरून रात्रभर पाण्यात ठेवलेले. कुड्याची पांढरी फुले, कडू, तरीही पुन्हा मागावीशी. देवका ओच्यात पाला घेऊन बांधावरून येत असे आणि तिच्या पायांना चिखलाचे मोजे चढलेले असत. भात नाही म्हणून ती उदास होती असे कोणी त्या दिवसांत म्हणाले असते तर मला ते खोटे वाटले असते. तिला पुढे काहीतरी दिसत होते.

श्रावणात तिने मातीचे जाते घडवले. कोदोचे टरफल दगडी जात्यात काढू नये, दाणा भरडून जातो. वारुळाची माती, बारीक चिरलेले तणस आणि पाणी, एवढ्या साहित्याने तिने दोन जाड चकत्या थापल्या, मध्ये खुंटा बसवला आणि ऊन पडेल त्या दिवशी ओसरीतून बाहेर, ढग आले की पुन्हा आत, असे करत करत त्या वाळवल्या. हे तिला कोणी शिकवले, असे मी विचारले. शिकवले नाही, आजीजवळ बसायची, असे तिने सांगितले. त्या जात्याचा आवाज दगडाचा नव्हता. गाय चरत असताना आपण तिच्या अगदी जवळ उभे राहावे, तसा तो मऊ, ओढता आवाज होता. तो आवाज मी नंतर कुठेच ऐकलेला नाही.

कोदो कापला आणि पाऊस आला. दिवाळीच्या तोंडावरचा, कोणाच्याही हिशेबात नसलेला पाऊस. कापलेल्या पेंढ्या भर्रीवरच भिजल्या. ऊन पडताच आम्ही त्या वाळवल्या, झोडपल्या, पाखडल्या. दाणा वरून कोरडा, चांगला दिसत होता. देवकाला धीर निघत नव्हता. वर्षभर फुलके मोडून खाल्लेल्या बाईला धीर धर असे सांगणारा माणूस त्या अंगणात नव्हता. तिने जात्याला हात घातला. दुपारी अंबाडीची भाजी, मठ्ठा आणि वाफाळलेला कोदो. दार उघडे होते. ती दोनदा वाढून घेत जेवली, हात धुऊन आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “आज मी जेवली.”

थोड्या वेळाने भिंत कलली. प्रथम मला वाटले की मीच उठताना चुकलो. मग देवका हसू लागली; तिची बोटे थरथरत होती आणि ती त्या बोटांकडे पाहून हसत होती. अंगण बोडीतल्या, लहान तळ्यातल्या, पाण्यासारखे हलत होते. मग ओकाऱ्या झाल्या, मग गाढ झोप. झोपेच्या अलीकडच्या काठावर मला वहिनीचा आवाज ऐकू आला: दोघंही पिऊन पडले का जी, असे ती कोणालातरी विचारत होती, आणि त्या आवाजात थट्टेपेक्षा भीती अधिक होती.

दुसऱ्या दिवशी हाताची थरथर थांबल्याबरोबर मी कागद घेतला. विषारी बी देऊन आमच्या जीवितास धोका निर्माण केल्याबद्दल त्या सडक अर्जुनीकडच्या गृहस्थांना मी नोटिशीचा मसुदा लिहिला आणि रिवाजाप्रमाणे तो देवकाला वाचून दाखवू लागलो. ती डोळे मिटून पडली होती. अर्ध्यावर तिने हात वर केला.

“थांबा जी,” ती म्हणाली. मग तिने डोळे न उघडता सांगितले, “माही आजी कोदो ढोलीत भरे आन् तोंड शेनामातीनं लिपून टाके. बरस गेल्याबिगर हात नाही लावू दे. मी समजत होती का चोरासाठी.”

तेव्हा आम्हाला आमच्या अंगातूनच समजले की पाणी लागलेला नवा कोदो माततो, खाणाऱ्याला झिंग आणतो, आणि म्हातारी माणसे त्याला बंद करून, जुना करून, मग खात. आम्हाला त्यांचे खाणे आठवले होते. त्यांचे थांबणे आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. मसुदा मी फाडला. ज्यांच्याविरुद्ध तक्रार करावी असे कोणी उरले नव्हते, आणि ती अवस्था माझ्या परिचयाची नव्हती.

बांबूच्या कमच्यांची एक जुनी ढोली भावाच्या गोठ्यात पडून होती. देवकाने ती आतून-बाहेरून सारवली, कोदो भरला, वर पळसाची पाने रचली आणि तोंड लिंपले. ओल्या शेणामातीवर तिचा तळवा सावकाश, गोल फिरत होता. लिंपण वाळल्यावर त्यावर तिच्या बोटांच्या रेषा उमटून राहिल्या. पुढच्या कापणीला उघडायचे, असे ठरले. तोपर्यंत फुलके.

त्यानंतरचा हिवाळा आणि उन्हाळा माझ्या आठवणीत एकच लांब दुपार होऊन बसला आहे. गोंदियाच्या मिला चालू होत्या. पहाटेचा तो वास येई आणि देवका अंथरुणात कूस बदले. तिच्या पायाला झालेली जखम भरत नव्हती, चेहरा सुजत होता. गावी गेलो की ती प्रथम गोठ्यात जाई आणि ढोलीवर बोटाची पेरे हलकेच वाजवी, जसे एखाद्याच्या दारावर वाजवावे. आतून काही उत्तर आल्यासारखी मान हलवी आणि मग घरात येई. उन्हाळा संपताना तिला गोठ्यापर्यंत चालवेना. पावसाळ्यात तिला गोंदियाच्या दवाखान्यात दाखल करावे लागले, आणि तेथून ती घरी आली नाही.

कापणी झाली तेव्हा भावाने विचारले की ढोलीचे काय करायचे. ‘उघड,’ मी म्हणालो. लिंपणाला लोखंडी सब्बल लावताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. आतला कोदो उत्तम निघाला. वहिनीने तो शिजवला, ताट माझ्यासमोर ठेवले आणि पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली. मी जेवलो. मग भिंतीला टेकून भिंत कलण्याची वाट पाहत बसलो. भिंत सरळ होती, बोटे स्थिर होती. कोदोची झिंग उतरली होती. जसा व्हायला हवा होता तसाच झाला होता.

मातीचे जाते वळचणीखाली राहिले आणि दोन-तीन पावसाळ्यांत विरघळून गेले. मागच्या महिन्यात मी गावी गेलो होतो. तिथे आता जरासा उंचवटा आहे आणि त्यावर तरोटा उगवतो. भावाच्या अंगणातून तिरोड्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. भर्रीवर सागाची रोपे लावली आहेत. वहिनी थकली आहे. तिला साखर निघाली आहे आणि डॉक्टरांनी तिला कोदो खायला सांगितला आहे. मुलगा तिला नागपूरहून आणून देतो. तिने मला हे सांगितले, आणि मग आम्ही दोघेही पावसापाण्याचे बोलू लागलो.

काल माधुरीचा फोन आला. पाकीट उघडले का, असे तिने विचारले. तिकडे आता सगळे हेच खातात, ऑफिसच्या डब्यातसुद्धा. मी कंपनीला पत्र लिहिल्याचे सांगितले. ती म्हणाली, “बाबा, आईच्या वेळी तुम्ही दवाखान्यालाही असंच लिहिलं असेल ना?”

नाही म्हणालो. तिला ते खरे वाटले नसावे.

देवका दवाखान्यात होती तेव्हा एका दुपारी वॉर्डात जेवणाची गाडी आली होती. आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचे ते सांगितले होते; मी ते देवकाला सांगितले नव्हते आणि तिने विचारले नव्हते. पावसाने खिडकीच्या काचा धुरकट झाल्या होत्या. फिनेलच्या वासातून गरम वाफेचा वास पुढे सरकत आला. वाढणाऱ्या माणसाने खाटेला अडकवलेल्या कागदाकडे न पाहता देवकाच्या पुढ्यात ताट ठेवले: पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि मोठा, पांढराशुभ्र भाताचा ढीग.

माझे मस्तक फिरले. ज्या व्यवस्थेने या बाईच्या तोंडातून दोन वर्षे भात काढून घेतला, तीच व्यवस्था तिला कागद न वाचता भात वाढते, याचा जाब तिथल्या तिथे घेतला पाहिजे असे मला वाटले. मी पिशवीतून कोरा कागद काढला, मांडीवर पिशवीचाच आधार घेतला आणि लेखणी उघडून ‘महोदय’ एवढे लिहिले. तेवढ्यात देवकाचा हात कागदावर आला. सुजलेला, जड, सलाईनची सुई टोचलेला हात.

“नका लिहू जी,” ती म्हणाली. “लिहाल तं घेऊन जातील.”

मी लेखणी बंद केली. ती उशीला टेकून बसली, भातावर वरण ओतले, आणि सुई नसलेल्या हाताने कालवू लागली. प्रत्येक घास ती तोंडात धरून ठेवत होती. देवकाने ताट बोटाने निपटून घेतले, मग ते माझ्याकडे सरकवले आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी काही मागताना बोले तशा आवाजात म्हणाली की अजून देतात का, पाहा ना.

गाडी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. मी ताट घेऊन तिच्यामागे गेलो. वाढणाऱ्याने डाव वर उचलला आणि मग हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिले. कोणत्या खाटेचे, त्याने विचारले; शुगरवाला पेशंट तो नाही ना?

“नाही,” मी म्हणालो.

त्याने दोन डाव भात वाढला. वाफ माझ्या चष्म्यावर आली. खाटांच्या मधून, दोन्ही हातांनी ताट धरून, मी सावकाश परत आलो. देवकाने पाय जवळ घेऊन ताटासाठी जागा करून ठेवली होती.